एका राफ्टला दोन तांडेल

राफ्ट अजून पाण्यात उतरली नव्हती, तोच तिला दोन कॅप्टन झाले होते. एक मी. दुसरे धर्माकाका. उरणकडचे तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचे कप्तान. लेक, जावई आणि दोन पुतणे घेऊन कुंडलिका नदीवर राफ्टिंगला आलेले.

मी नावड्याची. राफ्टिंग कंपनीच्या करंजाडे ऑफिसात दोन वर्षं बुकिंगचे फोन घेतले आणि सुट्टीच्या दिवशी नदीवर ट्रेनिंग केलं. गाइड म्हणून ही माझी परीक्षेची फेरी. परीक्षा घेणारे सावंत सर मागून कयाकमध्ये, म्हणजे एकट्याच्या छोट्या होडीत, येणार होते. निघताना म्हणाले, "मयुरी, राफ्ट उलटली तर परत फोनवर."

कुंडलिकेचं पाणी सकाळी धरणातून सोडतात. त्याच्याबरोबरच खाली जायचं, उशीर झाला की उरतात नुसते दगड. म्हणून मी सूचना भराभर दिल्या. "राफ्ट खडकाला आडवी लागली की मी 'हायसाइड' ओरडेन. सगळ्यांनी खडकाच्या बाजूला अंग टाकायचं. उलट बाजूला सरकलात तर पाणी ती कड दाबतं आणि राफ्ट पालथी."

काका हसले. "खडकाकडं? पोरी, खडक दिसला का लांब पलायचं. बोट फुटंल."

"काका, ही रबराची आहे."

"मंग ती बोटच नाय."

पहिल्याच रॅपिडला, म्हणजे खळाळत्या उतारावर, राफ्ट खडकाला टेकली. मी ओरडले, "हायसाइड!" काका गरजले, "लांब सरा रं!" चौघंही झटकन लांब सरली. कड पाण्याखाली गेली. पुढच्या लाटेनं ढकललं म्हणून सुटलो. मला रागही आला आणि रडूही. मोठा रॅपिड अजून पुढेच होता.

भांडून उपयोग नव्हता. त्या घराचे कान जन्मभर एकाच आवाजाला सरावलेले. मी बाबापुता केलं. "काका, माझा आवाज पोचत नाही. तुम्ही मागं माझ्या शेजारी बसा. मी हळू सांगते, हुकूम तुम्ही सोडा."

काकांनी मिशीवरून हात फिरवला. "आता कसं!"

"पण मी सांगेन तेच हं. शब्द द्या."

"दिला."

मोठा रॅपिड आला. "फॉरवर्ड," मी म्हणाले. "फॉरवर्ड!" काका गरजले. चारही वल्ही एकदम पडली. असा ताल मी ट्रेनिंगमध्येही पाहिला नव्हता. तेवढ्यात राफ्ट फिरली आणि आडवी खडकावर चढली.

"हायसाइड," मी म्हणाले.

काकांचे डोळे खडकावर. माझी नोकरी त्यांच्या घशात अडकली होती.

"काका, शब्द दिलाय!"

"हायसाइड!" काका ओरडले आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच खडकाकडे झेपावले. मागोमाग चौघं. राफ्ट करकरली, सरकली आणि गिरकी घेत शांत पाण्यात आली.

"रबर चिवट हाय," काका म्हणाले.

काठावर सावंत सरांनी मला बाजूला घेतलं. "ऑर्डर तर ते देत होते. मग गाइड कोण होतं?"

उत्तर काकांनीच लांबून दिलं. "कोन म्हंजे? मी! ही पोरगी मना मदतीला होती. चांगली हाय, ठेवा तिला."

सरांनी हसू दाबलं. "उद्या सकाळी नदीवर ये."

तेव्हापासून मी गाइड आहे. पाण्यावर कॅप्टन एकच असावा, हे खरं. तो कोण, हे सगळ्यांना कळलंच पाहिजे असं मात्र नाही.