साहेबांबद्दल आम्ही चांगलं बोललो

माणूस खुर्चीत बसलेला असतानाच त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद करून वर त्याच्या तब्येतीची विचारपूस करणारा गृहस्थ जगात एकच झाला असेल, आणि तो आमच्या चितेगावच्या कारखान्यात होता. वीज, पाणी, अन्न वाया जाऊ नये हे बघायला कंपनीनं त्यांना नेमलं होतं, म्हणून आम्ही त्यांना पर्यावरणवाले साहेब म्हणायचो. मूळचे गंगापूरकडचे, घरची शेती, पगार चांगला, पण काही वाया जाताना दिसलं की त्यांना घास गोड लागत नसे. कॅन्टीनमध्ये खरकट्याच्या पिंपाजवळ ते नुसते उभे राहत. फक्त ताटाकडे बघत. पण इतक्या दुःखानं बघत, की भलेभले माघारी जाऊन उरलेली वांग्याची भाजी संपवून येत. सुटी होताना मशीनच्या हवेच्या पाइपनं कपड्यांवरची धूळ उडवायची आमची जुनी सवय. ही हवा फुकट येत नाही, तिच्यासाठी वीज जळते, असं सांगून साहेब स्वतःच ब्रश घेऊन एकेकाची पाठ झटकू लागले. लेकराला शाळेत धाडणाऱ्या आईसारखे झटकायचे, त्यामुळे धड रागावताही येत नसे.

कंपनीच्या बसमध्ये ते झोपेचं सोंग घेऊन बसत, लोक आपल्याबद्दल काय बोलतात ते ऐकायला. एकदा आमचा फिटर म्हणाला, "हा माणूस लई डोकं खातो बुवा." क्रांती चौकात उतरताना साहेब मला हळूच म्हणाले, "बोलतात म्हणजे लक्ष आहे त्यांचं. कौतुक करायला लागले की मला भीती वाटते." मला असा माणूस पुन्हा भेटलेला नाही.

मग मुख्य कार्यालयातून एक पाहुणे यायचे ठरले. कामगारांना साहेबांच्या या कामाबद्दल मनापासून काय वाटतं ते विचारायचं आणि त्यावरून साहेबांची जागा ठेवायची की नाही ते ठरवायचं, असा बेत होता. आदल्या दिवशी साहेब बसमध्ये उभे राहून म्हणाले, "खरं तेच सांगा. पटत नसलं तर नाय म्हणा." ते उतरले आणि फिटर म्हणाला, "आपल्यामुळं साहेबाच्या पोटावर पाय यायला नको." सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी फिटरच आधी उठला. "आता साहेबानं सांगायचीबी गरज पडत नाय आमाला. सगळं आपोआप होतं." मीही दोन गोड वाक्यं जोडली. साहेब मागून हातानं नाही-नाही करत होते; आम्हाला वाटलं, संकोचले.

पाहुणे खूश झाले. इथलं काम पुरं झालं, इथं आता या जागेची गरज नाही, असं म्हणाले आणि साहेबांची दूर बदली करून टाकली.

निरोपाच्या दिवशी साहेब फिटरला एवढंच म्हणाले, "माझ्यासाठी खोटं बोललात ना?" फिटर म्हणाला, "व्हय." साहेबांनी त्याला जवळ घेतलं.

त्यांचं म्हणणं आम्हाला किती पटलं होतं, कोण जाणे. ते स्वतः मात्र आम्हाला फार हवे होते. आणि पाहुण्यांनी विचारलं तेव्हा नेमकं तेवढंच कोणी बोललं नाही.