लिंबाचा ओळंबा

आमची पिकअप डावीकडे ओढायची आणि तिचा मागचा डावा टायर आतल्या कडेने तुळतुळीत व्हायचा. बाकीचे तीन ठणठणीत. दोनदा टायर बदलला, तीनदा अलाइनमेंट करून घेतली. अलाइनमेंटवाला दर वेळी पुढच्या चाकांशी खटपट करायचा आणि ‘एकदम ओके’ म्हणून गाडी परत द्यायचा. शेवटी दोष द्यायला एकच उरला, तो म्हणजे ड्रायव्हर. आणि ड्रायव्हर माझे वडील.

वडील, म्हणजे आमचे दादा, मूळचे गवंडी. गुडघे बोलायला लागल्यावर त्यांनी ही पिकअप घेतली आणि दौलताबादच्या नर्सरीतून रोपं आणून शहरातल्या बंगल्यांना पोचवायला लागले. आता वय सत्तरीला टेकलेलं, चष्मा जाड. मी वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला, म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढण्याचा पगार घेणारा. मी ठरवून टाकलं की दादांचा अंदाज गेला, चाक फुटपाथला घासतं. एका शुक्रवारी जेवताना बोलूनही दाखवलं की आता किल्ली माझ्याकडे द्या, रोपांचं बघू काहीतरी. मला वाटलं होतं वाद होईल. त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि उरलेली भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. आई गाडीला नवी लिंबू-मिरची बांधायला निघाली. बाजेवर बसून चष्मा पुसत असलेले वडील एकदम उठले. त्यांनी तिच्या हातातून दोरा घेतला, मिरच्या ओढून काढल्या आणि परत तिच्याच हातावर ठेवल्या. दृष्टीच्या वस्तूचा खेळ करतात का, म्हणून आई चिडली. त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी दोऱ्याचं टोक मागच्या डाव्या चाकावर हौद्याच्या कडेला धरलं आणि लिंबू खाली सोडलं. भिंत सरळ आहे का हे बघायला गवंडी ओळंबा सोडतो, अगदी तसं. लिंबू हलायचं थांबलं. खाली दोरा टायरला टेकला होता आणि वर बोटभर फट होती. मग ते उजव्या बाजूला गेले. तिथे फट वर-खाली सारखीच.

“अंगण उतरतं असेल,” मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. अंगण त्यांनी स्वतः घातलेलं.

“चाक कललंय,” ते म्हणाले. “भिंत अशी असती तर म्या पाडली असती.”

तसेच गॅरेजला गेलो. मेकॅनिकने मागची बाजू जॅकवर उचलली, चाक फिरवलं आणि रिमजवळ खडू धरला. खडूची रेघ सगळीकडे सारखी उमटली. म्हणजे रिम बरी, आतला दांडाही बरा. दांडा ज्या जाड नळीत बसतो ते हाउसिंगच वाकलेलं होतं.

“चाचा, कभी जादा लोड लेके खड्डे में गिरी क्या?” त्याने विचारलं.

वडील मान खाली घालून आठवायला लागले. रोपांचं असं कितीसं वजन, पण तरी ते एकेक खेप आठवत होते, स्वतःची चूक शोधत होते. मला मात्र काही शोधावं लागलं नाही. पाचोडला मित्राच्या घराची फरशी एकाच खेपेत न्यायची हुशारी मीच केली होती. न दिसलेल्या स्पीडब्रेकरवर गाडी धाडकन आदळली. उतरून बघितलं, टायर शाबूत होता. घरी बोललो नाही. विसरलो होतो असं लिहायला मला आवडलं असतं.

“दादा, ते माझ्या हातून झालंय,” मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

ते रागावतील म्हणून मी अंग चोरून उभा होतो. त्यांनी दोन्ही हात पुढे धरले, उलटसुलट करून बघितले.

“व्हय का,” ते म्हणाले. “मला वाटलं, हात गेलं माझं.”

किल्ली माझ्या खिशात होती. ती काढून देताना मला त्यांच्याकडे बघवलं नाही.