मायच्या पानावरचा फोटो

आमच्या भागात कुठल्याही छापील कागदावर हात जोडलेल्या माणसाचा फोटो नसला, तर लोकांना तो कागद उघडाबोडका वाटतो. लग्नाची पत्रिका असो की क्रिकेटच्या सामन्यांचा फ्लेक्स, कोपऱ्यात एखादे गॉगलवाले भाऊ शुभेच्छा देत उभे असतातच. मला याचं कधी काही वाटलं नव्हतं. फ्लेक्स त्यांचा, चौक त्यांचा, मी आपली खाली मान घालून भाजी आणायला जाते. पण हेच भाऊ एका बारा वर्षांच्या मुलीच्या पुस्तकात घुसले, तेही तिच्या आईला बाहेर ढकलून, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती अजून विझलेली नाही आणि मला ती विझवायचीही नाही.

मी वणीत बरीच वर्षं मराठी शिकवलं. नोकरी संपल्यावर घरी दर रविवारी एक वर्ग सुरू केला. शाळेत न जाता घरीच शिकणारी मुलं यायची. त्यांनी स्वतःचं पुस्तक लिहायचं, स्वतः बांधायचं आणि मग ते छापून घ्यायचं, एवढंच त्या वर्गाचं काम. हे मुळात एका पालकाच्या डोक्यातून निघालं होतं. पुण्यातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून ते मारेगावकडे शेती करायला आले होते आणि मुलाला घरीच शिकवत होते. सगळे त्यांना सर म्हणायचे. माणूस उत्साही, हे मी रागातही नाकारणार नाही. मुलांना गोळा करणं, प्रेसवाल्याकडे चकरा मारणं, सगळं तेच करायचे.

ती मुलगी राजूरहून यायची, आईबरोबर, कधी ऑटोने, कधी कुणाच्या तरी गाडीवर. तिचे वडील कोळसा खाणीत टिपर चालवतात. तिला दमा आहे. हिवाळ्यात खाणीची धूळ हवेत खालीच साचून राहिली की तिचा श्वास वर चढतो. शाळेत दोनदा चक्कर येऊन पडली, तेव्हा शाळेने आईला बोलावून विचारलं की उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची. आईने पोरीचं दप्तर उचललं आणि तिला घरी आणलं. कुठलं पुस्तक वाचून, कुठला विचार पटून घेतलेला निर्णय नव्हता तो.

पहिल्या दिवशी ती आई माझ्या ओट्यावर उभी राहूनच म्हणाली, "ताई, मी सातवी शिकली. इले घरी तं बसवलं, पन उद्या पोरगी अडानी राह्यली तं लोक मलेच बोलतीन."

मी म्हटलं, "आधी आत या, चहा घ्या."

"चहा नंतर. इले लिहाले येईन का, ते सांगा."

लिहायला येत होतंच. मुलांना बहुतेक सगळं येतं, फक्त मोठ्या माणसांनी त्यांच्या हातातला पेन धरायचा नसतो. माझ्या वर्गात एकच कडक नियम होता. मुलाच्या वाक्याला मी हात लावणार नाही. समासात पेन्सिलीने प्रश्न विचारीन, बस. "इथे कोण कोण होतं?" "मग काय झालं?" एवढंच. लिहून झालं की ज्याने त्याने आपली पानं दुमडायची, दाभणाने भोकं पाडून दोऱ्याने शिवायची आणि मैद्याची खळ शिजवून पुठ्ठा चिकटवायचा. माझ्या स्वयंपाकघरात रविवारी दुपारी खळीचा वास सुटलेला असायचा. हातचं पुस्तक तयार झालं की मगच ते प्रेसमध्ये जायचं.

मुलीने पुस्तकाला नाव दिलं होतं 'भेगा'. खाणीत ब्लास्टिंग झालं की त्यांच्या घराच्या भिंतींना भेगा पडतात. त्या भेगांमध्ये कोण कोण राहतं, मुंग्या कुठून कुठे जातात, पाल कुठल्या भेगेतून डोकं काढते, आई कुठली भेग साबणाच्या चुऱ्याने बुजवते आणि कुठली मुद्दाम तशीच ठेवते, असं सगळं. मी वाचताना मध्येच उठून पाणी प्यायले. इतकं साधं लिहिलेलं मी फार दिवसांत वाचलं नव्हतं.

शेवटचं प्रकरण तिने आईपासून लपवून लिहिलं. आई ओट्यावर बसलेली असली की ही वहीवर हात आडवा धरायची. त्याचं नाव होतं 'मायचा अभ्यास'. ते मला पाठच झालं आहे, म्हणून इथे लिहिते.

"माय दळन घेऊन चक्कीवर जाते. पिशवीत गहू असतात आणि गव्हाच्या खाली माझं गणिताचं पुस्तक असतं. चक्की जवळच आहे पण मायले खूप वेळ लागतो. चक्कीच्या बाजूले एक ताई राहते, ती अकरावीत आहे. ती मायले अपूर्णांक शिकवते. मग माय घरी येते आणि मले शिकवते. तिले वाटते मले माहीत नाही. माझ्या पुस्तकाच्या पानांत पीठ असते. मी ते झटकत नाही."

समासात विचारण्यासारखा एकही प्रश्न मला सुचला नाही. मुलगी म्हणाली, "काकू, हे शेवटचं पान मायचं हाये. छापून आल्यावरच तिले दाखवाचं. तोवर तुमी बोलू नका." मी बोलले नाही. पुस्तक कधी येतं, याची ती दिवसरात्र वाट पाहत होती आणि ती वाट फक्त त्या पानासाठी होती. भेगांचं तिला विशेष काही नव्हतं, त्या घरी होत्याच.

प्रेसचं प्रूफ मी स्वतः तपासलं. त्यात ते प्रकरण होतं. पुस्तक बरोबर दोन फर्म्यांत बसलं होतं. एक फर्मा म्हणजे सोळा पानं, त्याच्या पुढे पान वाढलं की अख्खा नवा फर्मा लागतो. मी प्रूफवर सही केली आणि निर्धास्त झाले.

प्रकाशनाला सरांनी हॉल घेतला. मुलांच्या पुस्तकांचं प्रकाशन म्हणून मला वाटलं होतं, मुलं चार पानं वाचतील, लोक ऐकतील, पोहे होतील. गेले तर व्यासपीठावर खुर्च्यांची रांग, हार, समया आणि मागे एवढा मोठा फ्लेक्स. त्यावर सगळे भाऊ. मुलांचे फोटो खाली, तिकिटाएवढे. पाहुण्यांची भाषणं सुरू झाली ती संपेनात. आजचं मूल म्हणजे उद्याचा नागरिक, हे एकाने सांगितलं आणि मग बाकीच्यांनीही तेच सांगितलं. लेखक मुलं बाजूला सतरंजीवर बसली होती आणि त्यांना गप्प बसा म्हणून डोळे वटारले जात होते.

मुलीची आई दुसऱ्या रांगेत होती. पांढरी, निळ्या काठाची साडी, केसांत गजरा. पोरीने तिला सांगून ठेवलं होतं, "माय, पुस्तक हातात आलं का पयले शेवटचं पान काढजो." आईने त्यासाठी चष्मा पुसून हातात धरला होता.

पाहुण्यांनी रंगीत कागद फाडला, पुस्तकं उंच धरली, फोटो निघाले. मुलगी एक प्रत घेऊन पळतच खाली आली आणि आईच्या हातात दिली. आईने चष्मा लावला, बोटाला थुंकी लावली आणि मागून पान उघडलं. मी दोन खुर्च्या सोडून बसले होते. मला तिचा चेहराच पाहायचा होता.

पानावर हात जोडलेला एक माणूस होता. बियाण्याच्या दुकानाचे मालक, पांढरा शर्ट, 'बालसाहित्यिकांना हार्दिक शुभेच्छा'. आईने तो फोटो नीट पाहिला. पुस्तक जरा लांब धरून पाहिलं.

"हे कोन व्हय?" तिने पोरीला विचारलं. "मी तं यायले ओळखत नाई."

मुलीने पुस्तक घेतलं. त्याच पानावर खाली लहान चौकटींत आणखी दोन भाऊ. तिने मागचं पान उलटलं. तिथे भेगा. 'मायचा अभ्यास' नव्हतं. तिने दुसरी प्रत उघडली, तिसरी उघडली. ती रडली नाही. तिचा श्वास वर चढायला लागला. खांदे वरखाली व्हायला लागले, तशी आईने पुस्तक बाजूला ठेवून पर्समधून पंप काढला आणि तिच्या तोंडाला लावला. व्यासपीठावर तेव्हा भविष्यातल्या पिढीबद्दल काहीतरी चाललं होतं.

नेमकं त्याच वेळी शाल-श्रीफळासाठी माझं नाव पुकारलं गेलं. मी वर गेले. शाल खांद्यावर येण्याआधीच मी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण कुठे आहे? ते कुणी काढलं? मला आत्ता उत्तर पाहिजे." माझा आवाज कापत होता, रागाने कापत होता. निवेदक तरुण होता, चटपटीत होता. त्याने हसतहसत माझ्या हातातून माईक सोडवून घेतला आणि सांगितलं, "मॅडम भावूक झाल्या आहेत, एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या." आणि टाळ्या झाल्या. सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मी खांद्यावर शाल, हातात नारळ अशी उभी होते. तो नारळ मी कुणाच्या डोक्यात घातला नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

सरांना मी हॉलच्या मागे, पोह्यांच्या पातेल्याजवळ गाठलं.

"मॅडम, गैरसमज नको," ते म्हणाले. "शुभेच्छुकांनी हॉल मिळवून दिला, त्यांचे फोटो घ्यायला नकोत? तिसरा फर्मा कुठे वाढवणार? काहीतरी काढणं भागच होतं."

"मग मुंग्या काढायच्या होत्या, पाल काढायची होती. हेच का?"

मग त्यांनी समजावणीचा आवाज काढला. "खरं सांगू? हे पुस्तक आपण बाकीच्या पालकांना दाखवणार. त्यात आई सातवी शिकलेली, शेजारच्या पोरीकडून गणित शिकून येते, हे छापलं तर मेसेज काय जातो? घरी शिकवणं म्हणजे हेच का, असं लोक विचारतील. आणि त्या बाईंनाही चारचौघांत कमीपणा. मी त्यांचाच विचार केला."

मी त्यांना जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. थोडक्यात एवढंच की शाळेवर रागावून मुलांना घरी आणणारी ही माणसं शाळेहून वाईट निघाली. शाळा निदान तोंडावर लाल रेघ मारते. यांनी मुलीला न विचारता, मला न विचारता, आईला न विचारता, आईला कशाची लाज वाटली पाहिजे ते परस्पर ठरवून टाकलं. स्वतःच्या मुलाच्या पुस्तकातलं 'मला शेतात कंटाळा येतो' हे पानही त्यांनी असंच उडवलं होतं, ते मला नंतर कळलं. "दुसऱ्या आवृत्तीत बघू," असं म्हणून ते पाहुण्यांना सोडायला गेले.

पुढच्या रविवारी मुलगी येईल असं मला वाटलं नव्हतं. आली. आई नेहमीसारखी ओट्यावर बसली. मुलगी सरळ स्वयंपाकघरात गेली आणि मैद्याचा डबा काढला.

"काय करतेस?"

"खळ शिजोतो."

तिने खळ शिजवली. हातचं पुस्तक उघडून समोर ठेवलं, कोऱ्या कागदावर ते प्रकरण पुन्हा सुवाच्य लिहून काढलं, पानाच्या मापाने कापलं आणि छापील पुस्तकातल्या बियाणेवाल्या भाऊंच्या तोंडावर चिकटवलं. कडा अंगठ्याने दाबून घेतल्या. मग ओल्या पानाला हात लागणार नाही अशा बेताने पुस्तक उघडं धरून बाहेर नेलं.

आईने चष्मा लावला. ती हळू वाचते, ओठ हलवत. 'गव्हाच्या खाली' इथे ती थांबली. पुढे गेली. शेवटच्या ओळीपर्यंत गेली आणि परत वर आली. मी दारात उभी होते आणि सरांचं ते वाक्य माझ्या कानात होतं, चारचौघांत कमीपणा. मला क्षणभर भीतीही वाटली.

"तुले मालूम होतं?" तिने विचारलं.

"हो."

"पयल्यापासून?"

"हो ना."

"मंग सांगतलं काहून नाई व? मी उगाच गहू वाहून राह्यली होती." ती हसली. पदराने चष्मा पुसला, डोळे पुसले, पुन्हा चष्मा लावला आणि माझ्याकडे वळली. "ताई, हे छापलं काहून नाई त्यायनं?"

मी सांगितलं. जसं झालं तसं सांगितलं, फर्मा, फोटो, मेसेज आणि कमीपणा.

ती ऐकत गेली तसा तिचा चेहरा बदलत गेला. "मले कायची लाज?" ती म्हणाली. "चोरी केली का म्या? शिकली." मग तिने पुस्तक पोरीच्या हातात दिलं, साडी सावरून उभी राहिली आणि माझ्यापुढे हात केला. "त्या सरले फोन लावा. माझं पान मले वापस पाह्यजे, छापून पाह्यजे. मीच बोलतो."

मी नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला.