डिप रॉडचं कापलेलं टोक

वर्दी उतरवून चार वर्षं झाली, तरी दिल्लीच्या मुनिरक्यातल्या पाण्याची ती घटना काल घडल्यासारखी वाटते. एका भाड्याच्या इमारतीत बोअरचा नळ सोडला की पेट्रोलचा भपकारा यायचा. मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रमुख, एसएचओ होतो.

लोकांनी आरोपीही आणून दिला, तळमजल्यावरचा स्कूटर मेकॅनिक. ओठ फुटलेला, हात कोपरापर्यंत काळे. घरमालकाने त्याच्या दुकानाला कुलूपही ठोकलं होतं. खरं सांगतो, ते हात पाहून मलाही तोच दोषी वाटला. दिवसभर त्याला ठाण्यात बसवून ठेवलं.

"साहब, मेरा काला तेल तो कबाड़ी ले जाता है. ज़मीन में क्यों डालूँगा?" एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

संध्याकाळी एक मराठी बाई आल्या. त्याच इमारतीत विद्यार्थ्यांसाठी खानावळ चालवायच्या. ड्यूटी ऑफिसरसमोर हिंदीत अडखळत होत्या. माझ्या छातीवरचं आडनाव वाचलं आणि सरळ मराठीत सुरू झाल्या.

"साहेब, हा छठच्या सणाला पंधरा दिवस गावी होता. दुकान बंद. आणि वास तर त्याच दिवसांत वाढला. दोनदा कणीक फेकून दिली मी."

"मग हे कुणाला सांगितलं का नाहीत, वहिनी?"

"ऐकतंय कोण? सगळ्यांना चोर सापडल्याचं समाधान!"

आम्ही करायला हवं होतं ते काम बाईंनी केलं होतं. मला लाज वाटली. जबाब नोंदवला, त्याचं रेल्वेचं तिकीट तपासलं आणि त्याला घरी पाठवलं. दुकानाचं कुलूप मात्र निघेना. "पहले असली मुजरिम लाइए," घरमालक म्हणाला. मेकॅनिकचं पोट त्या कुलपाआड अडकलं होतं.

मग आम्ही बोलावलेल्या भूजल खात्याच्या अभियंत्यांनी ठिकठिकाणी जमिनीत नळ्या उतरवल्या. खालच्या पाण्यावर पेट्रोलचा थर तरंगत होता, आणि रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपाकडे जावं तसा तो जाड होत होता.

पंपाचा मॅनेजर पक्का निघाला. "टंकी लीक होती तो डिप में दिखता, सर. रोज़ सुबह लेते हैं." विक्री सुरू होण्याआधी डिप रॉड, म्हणजे आकडे कोरलेली लांब धातूची पट्टी, टाकीत तळापर्यंत उभी सोडायची आणि ती कुठवर ओली झाली ते वाचायचं, ही पंपावरची रोजची रीत. त्याची वही चोख होती. दोन तास प्रश्न विचारले, गडी हलला नाही.

शेवटी मी रॉडच मागवला. माझे वडील सांगलीकडे शिंपी होते. टेपचं पितळी टोक निखळलं की ते टेप फेकून देत; म्हणत, याने घेतलेलं प्रत्येक माप खोटं. रॉडच्या तळालाही असायला हवं ते पितळी टोक नव्हतं. आकडे शून्याऐवजी पाचपासून सुरू होत होते आणि कडेवर करवतीचे दात होते. तळ कापल्यामुळे प्रत्येक माप पाचने वाढूनच दिसणार, आणि तेवढं पेट्रोल झिरपलं तरी वहीत तूट येणार नाही.

"इसकी एड़ी किसने काटी?" मी विचारलं.

मॅनेजरने तिथेच कबुली दिली. गळकी टाकी बदलायची तर पंप बंद ठेवावा लागेल आणि पंपाचा मालक आपल्याला काढेल, या भीतीने त्यानेच रॉडचा तळ कापला होता. त्या पंपमालकालाही आम्ही सोडलं नाही.

त्याच दिवशी घरमालकाने माझ्यासमोर कुलूप काढलं. टाकी रिकामी झाली आणि तरंगणारं पेट्रोल उपसणारी यंत्रणा बसली: त्यासाठी खणलेल्या विहिरीत पेट्रोलच्या थराच्या उंचीवर टांगलेला छोटा पंप, वर साठवणीची टाकी. हा पंप गाळाने अडला की अभियंते हाक मारायचे ती आमच्या मेकॅनिकलाच. दीड वर्ष उपसा चालला. त्यानंतरही पाणी गाळणं आणि तपासणं चालूच राहिलं.

माझ्या नोकरीत मोठे गुन्हे पुष्कळ आले, पदकंही मिळाली. पण छाती फुगते ती याच केसने. काळे हात हा पुरावा नसतो, हे मला एका खानावळवाल्या बाईने शिकवलं.

पाणी शुद्ध असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल आला, त्या दिवशी मीही गेलो होतो. बोअरची मोटर सुरू करायचा मान मेकॅनिकला मिळाला. बाईंनी ओंजळीत पाणी घेतलं, हुंगलं आणि कणीक मळायला घेतली. पहिली पोळी त्याला दिली. त्याने हात धुतले, तरी काळेच राहिले. त्याच हातांनी त्याने ती मोडली आणि अर्धी माझ्यापुढे धरली.