काका, वजन विचारा

टाकी इतकी देखणी झाली होती की मी क्लासातल्या शेजारच्या मुलांनाही बोलावून दाखवली. द्राक्षबागेत औषध फवारायला पाठीवर पंप घेतात ना, त्याची टाकी. पाठीला बसणारा बाक, खांद्यापाशी गोलाई, सगळं स्क्रीनवर जिथल्या तिथे. मॅडम आल्या, दोन्ही हात मागे बांधून वाकल्या आणि म्हणाल्या, "काका, वजन विचारा."

मी कॉम्प्युटरला वजन विचारलं. शून्य.

"हवेची केलीत," मॅडम म्हणाल्या. मुलं हसली. मीही हसलो. चाळिशीत विद्यार्थी झालेल्या माणसाला दुसरं काय करता येतं?

गंगापूर रोडला एका डेअरीच्या वर तो कॅडचा, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग शिकवणारा, क्लास होता. मॅडम चोवीस-पंचवीसच्या, मी ड्रॉइंग बोर्डावर केस पिकवलेला. अंबडच्या आमच्या पंपांच्या कारखान्यातून ते बोर्ड आता निघाले होते. साहेबांनी सरळ सांगितलं होतं, "दिवाळीनंतर जो टाकी कॉम्प्युटरवर काढेल तो ड्रॉइंगला राहील. बाकीचे डिस्पॅचला." डिस्पॅचला म्हणजे खोक्यांवर पत्ते चिकटवायचे. रेषेशी संबंध संपला.

शिकवणारे तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील. आपण अडलो की "सरका जरा" म्हणतात, माऊस घेतात, खटखट करून मोकळे होतात. या बाईंनी माझा माऊस कधीच घेतला नाही. हात मागे असायचे ते त्यासाठीच. एकदा पाणी प्यायला उठलो तेव्हा त्यांना मागून पाहिलं. एका मुलापाशी उभ्या राहून त्या शांतपणे "हं, परत करा" म्हणत होत्या आणि मागे बोटं ओढणीला पीळ घालत होती. माझ्या वेळी त्या ओढणीचं काय होत असेल, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सॉलिड मला जमायचं. ठोकळा घ्या, कापा, भोक पाडा. पण पाठीचा बाक काही ठोकळ्यातून निघेना. त्याला सरफेस लागायचा. सरफेस म्हणजे नुसती कातडी, जाडी नावालाही नाही. अशा कातड्या जोडून सगळीकडून बंद केल्या तरच त्याचं सॉलिड होतं आणि मग ते आतून हवं तेवढं पोखरता येतं. माझी टाकी कुठेतरी उघडीच राहायची.

दिवाळीत फराळाचा डबा नेला. त्यात एक करंजी तळताना उकललेली. मॅडमनी नेमकी तीच उचलली.

"ही बघा तुमची टाकी. पारी झकास, पण कड दाबली नाही. सारण गेलं तेलात." मग हळूच, "काकूंना सांगू नका हं."

मी घरी जाऊन चपला काढायच्या आत सांगितलं.

"तुम्ही चहा-चहा करत होतात तेव्हाची आहे ती," बायको म्हणाली.

त्यानंतर मी टाकीचं रूप बघणं सोडलं, नुसत्या कडा चाचपत बसलो. तोंडाच्या खाली, झाकण बसतं तिथे, केसाएवढी फट सापडली. मॅडम मागे उभ्या होत्या, हात बांधूनच. फट बुजवली, सॉलिड झालं, आतून पोखरलं. वजन विचारलं. आलं. मॅडमनी हात पुढे घेतले आणि टाळी वाजवली. एकच. मग पुढच्या मुलाकडे गेल्या.

कारखान्यात साहेबांनी टाकी उलटीपालटी फिरवून पाहिली. "प्लास्टिक किती लागेल?" मी सांगितलं. "बरं. बसा तुमच्या जागेवर."

दोन-तीन दिवसांनी खालच्याच डेअरीतून पेढे घेऊन वर गेलो. मॅडमच्या खुर्चीत एक नवीन सर होते. मॅडमना पुण्याला नोकरी लागली होती, आदल्याच दिवशी गेल्या. मी दारात पुडा धरून उभा. सर म्हणाले, "ॲडमिशन घ्यायचीय का, काका?"

घरी आलो तसा बायकोने मोकळ्या हातांकडे पाहिलं. "भेटली का मुलगी?"

"नाही. गेली पुण्याला. पेढे त्या नव्या सरांनाच दिले."

तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. मग म्हणाली, "बरं केलंत. त्याच्याही नशिबी कुणीतरी तुमच्यासारखा येणारच आहे. निदान तोंड तरी गोड असू दे बिचाऱ्याचं."