स्वतःकडे केलेले अर्ज

स्वतःच्याच पैशासाठी स्वतःकडे अर्ज करणारा, आणि तो नामंजूर झाला की दोन दिवस स्वतःवरच रुसून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो माझा खोलीचा भागीदार होता. निजामाचं राज्य होतं, बाहेर लढाई चालू होती, आणि आम्ही दोघं विशीतले कारकून धाराशिवच्या एका कचेरीत दिवसभर लोकांच्या उर्दू अर्जांच्या नकला उतरवत असू. इतके अर्ज लिहून माणसाला घरी आल्यावर अर्जाचा कंटाळा यावा. याला त्याची चटक लागली होती.

पगाराच्या दिवशी तो खोलीचं दार लावून घेई आणि पैसे चार थैल्यांत वाटे. थैल्या त्याच्या आईनं जुन्या लुगड्याच्या शिवून दिलेल्या. एक भाड्याची, एक पोटाची, एक धोबी-साबणाची आणि चौथी आईची. आईची सगळ्यांत आधी भरायची; उरलेल्या तिघींनी उरलेल्यात भागवायचं. थैल्या माझ्या ट्रंकेत असत आणि ट्रंकेची चावी माझ्या करगोट्याला. मी तेव्हापासूनच यादीशिवाय बाजारात न जाणारा, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. कचेरीची रोकड सांभाळणाऱ्याला नाजर म्हणत. हा मला ‘नाजरसाहेब’ म्हणू लागला. नेमणुकीच्या दिवशी त्यानं मला शपथच घातली. “म्या पाया पडलो, शिव्या दिल्या, तरी चावी द्यायची न्हाय. अर्ज आल्याबिगर न्हाय. आन् अर्जावर एक रात गेल्याबिगर तर न्हायच न्हाय.”

या एका रात्रीच्या नियमावर त्याचा फार जीव. संध्याकाळी जे हवंसं वाटतं त्यातलं निम्मं सकाळी नकोसं होतं, असं तो म्हणे, आणि बहुतेक वेळा ते खरं ठरे. कचेरीतल्या रद्दीच्या पाठकोऱ्या बाजूवर तो रीतसर अर्ज लिही, खाली सही करी, उशाशी ठेवून झोपे, आणि सकाळी तोंड धुऊन अधिकाऱ्याच्या चेहऱ्यानं त्यावर हुकूम लिही. एकदा त्याची दाढ दुखत होती. ती काढायला त्यानं आठ आणे मागितले. सकाळी हुकूम पडला, “अर्जदारानं दुसऱ्या बाजूनं चावावं.” छत्रीच्या अर्जावर लिहिलं होतं, “पाऊस संपत आला आहे. पुढच्या वर्षी विचार होईल.” सुजलेला गाल घेऊन भिजत कचेरीत निघालेला हा माणूस पाहून घरमालकीणबाई ओट्यावरून ओरडत, “आरं, त्या तुज्या सायबाला जरा लाच तरी दे की!” यावर तो गंभीरपणे सांगे, “साहेब लई कडक हायत, मावशी. खात न्हाईत.”

स्वतः मात्र तो मिळेल तिथं खाई. पोटाची थैली महिन्याच्या वीस तारखेला रिकामी होई, म्हणून मी त्याला वर्षभराच्या जेवणावळींची यादी करून दिली होती. कुठल्या मठात कोणत्या सोमवारी दासोहाचं जेवण, उरुसात अन्न कधी वाटतात, कोणत्या व्यापाऱ्याकडे सत्यनारायण. ही यादी मी माझ्या चांगल्या कामांत धरतो. तो कपाळावर विभूती लावून मठाच्या पंगतीत बसे आणि दुसऱ्या दिवशी रुमाल डोक्याला बांधून दर्ग्यात. दोन्हीकडे तितक्याच भक्तीनं जेवे.

हे सगळं कशासाठी, ते सांगायला हवं. वडील लहानपणीच गेले. आई भूमला मामाच्या घरी राही. मामाच्या घरचा स्वयंपाक, धुणी, जनावरं सगळं तिच्याकडे, आणि जेवण सगळ्यांच्या मागून. याला तिला धाराशिवला आणायचं होतं. चूल मांडता येईल अशी खोली आणि सहा महिन्यांचं धान्य पाठीशी, एवढं जमलं की आणायचं. मध्येच पैसे संपून तिला पुन्हा मामाच्या दारात न्यावं लागलं तर तिची काय शोभा राहील, ही त्याची भीती. सुरुवातीला हिशेब पन्नास रुपयांचा होता. पन्नास झाले तोवर लढाईनं ज्वारी महाग केली, तेव्हा त्यानं पंचाहत्तर ठरवले. पंचाहत्तरला पोचला तर रॉकेल मिळेना, कापड मिळेना, मग शंभर. भूमचा कुणी बाजाराला आला की आईचा निरोप असे, “कवा यायचं इचारलंय.” हा उरलेल्या रुपयांचा आकडा सांगून पाठवी. “तीस ऱ्हायलेत म्हणावं.” मग “वीस ऱ्हायलेत.” मी एकदा म्हणालो, “अरे, घेऊन ये तिला. जे होईल ते होईल.” तो म्हणाला, “नाजरसाहेब, तुमीच असं म्हणाया लागलात तर कसं व्हायचं?” मला ते पटलं. अपुऱ्या तयारीनं काही करणं मलाही कधी आवडलेलं नाही.

त्र्याण्णव रुपये झाले होते तेव्हाची गोष्ट. सकाळी भूमचा मिरचीवाला दारात आला. म्हणाला, “आईला ताप हाय. चार दिस झालं. दवाखान्यात न्याया गाडीभाडं लागतंय, मामा म्हनतोय तुमीच या.” भूमकडे जाणारी मोटार दिवसातून एकच, दुपारी बाराची. माझा भागीदार माझ्याकडे वळला आणि म्हणाला, “चावी दे.”

त्या दिवसांत घरोघर हिवताप होता. मला स्वतःला महिन्यापूर्वी येऊन गेलेला. मी हसून म्हणालो, “अर्ज कुठाय?”

“आईच्या थैलीतलं पायजे.”

“मग तर नियम जास्तच कडक. तूच शपथ घातलीस ना?”

त्यानं आवाज चढवला असता, एक शिवी दिली असती, तर मी चावी काढून दिली असती. शपथ होती तरी दिली असती. पण तो मान हलवून म्हणाला, “बराबर हाय तुजं. ताप हाय, उतरंल,” आणि खाली बसून अर्ज लिहू लागला. माझ्या खिशात त्या दिवशी चार रुपये होते. ते काढून द्यावेत हे मला सुचलं नाही. बाराची मोटार गेली तेव्हा आम्ही दोघं कचेरीत नकला उतरवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं अर्ज मंजूर केला, मी थैली दिली, आणि तो गेला. संध्याकाळी भूमला पोचला तेव्हा सगळं उरकलेलं होतं. आई त्याच दिवशी पहाटे गेली होती.

पाचव्या दिवशी तो परतला. हातात एक बोचकं होतं. मामी म्हणाली होती, दिवाळीपासून आई हे बांधून बसली होती. निरोप आला की निघायचं म्हणून. त्याला गाठ सोडवेना, मी सोडली. आत तवा, परात, दोन तांबे आणि पत्र्याच्या डब्यात कुरडया. उन्हाळ्यात मामाच्या घरच्या कुरडया करताना तिनं थोड्या लेकाच्या घरासाठी बाजूला काढल्या होत्या.

मी त्याला सांगायला तोंड उघडलं. काय सांगणार होतो ते आता आठवत नाही, माफीचंच काही असणार. त्यानं हात वर करून मला थांबवलं आणि विचारलं, “तेल हाय का?”

आम्ही घरमालकीणबाईंच्या चुलीवर तिचा तवा ठेवून कुरडया तळल्या. तव्यात तेल नीट राहीना, काही जळल्या, काही कच्च्या निघाल्या. तो जळक्याही खाऊन टाकत होता. डबा बेतानं वापरला तर वर्षभर पुरला असता, आणि सवयीनं मी म्हणूनही गेलो, “आज चार पुरेत. बाकीच्या ठेवून देऊ.”

“कशाला?” तो म्हणाला.

आठ दिवसांत डबा संपला. मीठ जरासं जास्त झालं होतं.