फोन जिथे गप्प झाला

ओल्या जाळ्याचा वास आला की आरोंद्याची ती पडवी आठवते. मामाचं दुरुस्तीला टाकलेलं जाळं आणायला गेलो होतो. जाळी विणणारे अंध काका फोनवर अपंगत्वाच्या दाखल्याचा अर्ज भरत होते. फोन एकेक रकाना वाचून दाखवत होता. चित्रातले वेडेवाकडे आकडे ओळखून लिहायचे होते, तिथे मात्र तो गप्प झाला. “फुडे काय आसा रे?” काकांनी मला विचारलं. ती वेबसाइट मीच बनवली होती, पण तसं सांगायची हिंमत झाली नाही. आकडे तेवढे भरून दिले. जाळ्याची गाठ चाचपत ते म्हणाले, “आज तू आसस. उद्या कोणाक इचारू?” ऑफिसात विषय काढला, तर साहेब हसले, “आंधळे कशाला येतायत साइटवर?” मीही गप्प बसलो. परवा नवीन साइट केली. त्यातही तेच चित्र घातलं, आणि हात जरासुद्धा अडखळला नाही.